काउंटची सम केली की ऑप्टिमायझर का अडतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कॅल्साइट ही ऑप्टिमायझर, म्हणजे एसक्यूएल क्वेरी चालवायचा स्वस्त प्लान शोधणारा भाग, पुरवणारी लायब्ररी. तिच्यावर उभ्या केलेल्या डेटाबेस इंजिनात तुम्ही स्वतःचा एक रूल, म्हणजे एका प्लानचं तेच उत्तर देणाऱ्या दुसऱ्या प्लानमध्ये रूपांतर करणारा नियम, लिहिलाय. ऑर्डर्स आणि ग्राहक या टेबलांचा जॉइन करून (जुळणाऱ्या ओळी जोडून) मग काउंट (ओळींची मोजणी) घेण्याऐवजी, ऑर्डर्सवर आधीच ग्राहक क्रमांकानुसार काउंट काढायचा, त्यानंतर जॉइन करायचा आणि सगळ्यात वर त्या अर्धवट काउंटची सम, म्हणजे बेरीज, घ्यायची. शहरानुसार ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणं) असलेल्या क्वेरी यात नीट चालतात. ग्रुप बाय काढला की प्लान बनतानाच टाइप मिसमॅच येतो: अ‍ॅग्रिगेट कॉलचा टाइप ‘बिगइंट नॉट नल’, अनुमानाने काढलेला टाइप ‘बिगइंट’. (अ‍ॅग्रिगेट म्हणजे काउंट, सम यांसारखी अनेक ओळींवरची गणना; बिगइंट म्हणजे मोठा पूर्णांक; नल म्हणजे मूल्यच नसणं, आणि नॉट नल म्हणजे नल कधीच येणार नाही ही हमी.) तुम्ही विचारताय, समवर कास्ट टाकून (म्हणजे तिचा टाइप बदलून घेऊन) ती नॉट नल करून घेतली तर चालेल का, आणि अशा एरर शोधायची काही रीत आहे का.

कास्ट टाकू नका. एरर टाइपची दिसत असली तरी तिनं पकडलेली चूक उत्तरातली आहे. तुमचा रूल काही डेटावर चुकीचं उत्तर देईल, आणि ऑप्टिमायझरनं ते एकही ओळ न वाचता ओळखलंय.

जॉइनमधून एकही ओळ बाहेर आली नाही असं धरा. मूळ क्वेरीतला काउंट ० देतो. ग्रुप बाय नसलेलं अ‍ॅग्रिगेट रिकाम्या इनपुटवरही एक ओळ देतंच, आणि काउंटच्या बाबतीत त्या ओळीत शून्य असतं. म्हणून त्याचा टाइप नॉट नल. आता तुमचा नवा प्लान पाहा. खालचा काउंट ग्राहक क्रमांकानुसार ग्रुप केलेला आहे, त्यामुळे ओळी नसतील तर ग्रुपही नाहीत. जॉइनमधून काही येत नाही, वरची सम रिकाम्या इनपुटवर चालते आणि एसक्यूएलच्या नियमाप्रमाणे नल देते. आधी ० यायचा तिथे आता नल. टाइपच्या शेवटी लटकलेल्या ‘नॉट नल’ या दोन शब्दांचा फरक म्हणजे नेमका हाच.

ग्रुप बाय असताना का चालतं, हेही यातूनच उलगडतं. ग्रुप अस्तित्वात आहे याचाच अर्थ त्यात किमान एक ओळ आहे. त्या ओळीतला अर्धवट काउंट नॉट नल आहे, म्हणून त्यांची समही नॉट नल. कॅल्साइट समचा टाइप काढताना अगदी हेच बघतो: ग्रुपच्या कॉलमची संख्या शून्य असेल, किंवा त्या कॉलला फिल्टर क्लॉज (फक्त अटीत बसणाऱ्या ओळी धरायला सांगणारा) लागला असेल, तर निकाल नलेबल, म्हणजे नल येऊ शकणारा; नाहीतर आर्ग्युमेंटची नलेबिलिटी तशीच पुढे. फिल्टरचं आत्ताच लक्षात ठेवा. उद्या कुणी काउंटला फिल्टर लावला आणि तुमच्या रूलनं तो फिल्टर वरच्या समवर ठेवला, तर ग्रुप बाय असूनही हीच एरर परत येईल. तो फिल्टर खालच्या काउंटबरोबर गेला पाहिजे.

कास्टनं काय बिघडतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हा मोह सगळ्यांना होतो. कास्ट टाकून तुम्ही ऑप्टिमायझरला सांगता की इथे नल कधीच येणार नाही. तो तुमच्यावर विश्वास ठेवतो. पुढचे रूल ‘हा कॉलम नल आहे का’ ही अट बघतात, टाइप नॉट नल दिसतो, आणि ती अट ‘खोटं’ म्हणून उडवतात. खबरदारी म्हणून तुम्ही कास्टच्या वर कोअलेस (नल आला तर दुसरं मूल्य देणारं फंक्शन) लावला असेल तर तोही याच न्यायानं गळून पडतो. मग कोड जनरेट होतो. कॅल्साइटच्या एन्युमरेबल पद्धतीत (प्लानमधून जावाचा कोड बनवण्याच्या) नॉट नल बिगइंटसाठी जावाचा साधा ‘लाँग’ वापरला जातो आणि नलेबल बिगइंटसाठी ऑब्जेक्टवाला ‘लाँग’. साध्या लाँगमध्ये नल मावतच नाही. प्लान बनताना मिळालेली स्वच्छ एरर तुम्ही रनटाइमच्या नल पॉइंटर एक्सेप्शनवर बदलून घेता, आणि तीही फक्त जॉइन रिकामा निघेल त्या दिवशी.

योग्य दुरुस्ती दोन तऱ्हांनी होते. कॅल्साइटमध्ये सम-झीरो नावाचं अंतर्गत अ‍ॅग्रिगेट आहे. रिकाम्या इनपुटवर ते नलऐवजी ० देतं. काउंट फोडायचा असेल तेव्हा वर तेच वापरायचं. नाहीतर साधी सम ठेवून तिच्यावर प्रोजेक्टमध्ये (निकालाचे कॉलम ठरवणाऱ्या पायरीत) थेट कोअलेस लावा, म्हणजे मूल्यही बरोबर येतं आणि नॉट नल हा टाइपही आपोआप निघतो. मी पहिला मार्ग घेतो. मात्र सम-झीरो हाताशी आलं म्हणून ते सरसकट वापरू नका. मूळ क्वेरीत रकमेची सम असेल, तर तिचं रिकाम्या इनपुटवरचं उत्तर नलच आहे, आणि फोडल्यावरही ते नलच राहायला हवं. तिथे समची समच. सम-झीरो फक्त काउंटच्या तुकड्यांसाठी.

आणखी एक खोच. हाच रूल जॉइनऐवजी युनियन ऑलसाठी (अनेक फांद्यांच्या ओळी एकाखाली एक जोडण्यासाठी) असता, म्हणजे प्रत्येक फांदीवर ग्रुप बायशिवाय काउंट आणि वर सम, तर नल कधीच आला नसता. प्रत्येक फांदी रिकामी असली तरी ०ची एक ओळ देते, त्यामुळे वरच्या समला ओळी मिळतातच. एरर मात्र तिथेही आली असती, कारण टाइपचं अनुमान फक्त ‘वर ग्रुप नाही’ एवढंच बघतं, खाली काय आहे ते बघत नाही. म्हणजे अशी एरर आली की दर वेळी उत्तर चुकतंच असं नाही; पण चुकत नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि ते कागदावर दोन ओळींत लिहून दाखवता येत नसेल तर सिद्ध झालं असं समजू नका. युनियनमध्येसुद्धा मी सम-झीरोच वापरतो.

दुसऱ्या इंजिनांवर काम केलं असेल तर तिथला अनुभव इथे जसाच्या तसा आणू नका. पोस्टग्रेसमध्ये काउंट बिगइंट देतो, पण बिगइंटची सम न्यूमेरिक होते. मायएसक्यूएलमध्ये पूर्णांकांची सम डेसिमल होते. पोस्टग्रेस पॅरलल क्वेरीत काउंटचे तुकडे जोडताना सम फंक्शन वापरतच नाही. काउंटसाठी वेगळं कंबाइन फंक्शन आहे, ते दोन बिगइंट नुसते बेरजेला लावतं आणि सुरुवात ०पासून करतं. मला ती रचना फार आवडते. ‘काउंटचे तुकडे कसे जोडायचे’ हे काउंटनंच सांगायचं, रूल लिहिणाऱ्यानं आठवणीनं करायचं नाही.

आता शोधायच्या रीतीबद्दल. आधी ही तपासणी का आहे ते बघू. १९९३ च्या व्होल्कॅनो आणि १९९५ च्या कॅस्केड्स या रचनांपासून ऑप्टिमायझर एकच उत्तर देणारे वेगवेगळे प्लान एका गटात ठेवतो. जॉइनची उलटसुलट रूपं, आधी अ‍ॅग्रिगेट केलेलं रूप, नंतर केलेलं रूप, सगळी त्या एका गटात. गटाबाहेरच्याला कोणतंही रूप दिलं तरी फरक पडता कामा नये, म्हणून गटातल्या प्रत्येकाचा रो टाइप एकच हवा: कॉलमची संख्या, क्रम, टाइप, लांबी किंवा प्रिसिजन (एकूण अंकसंख्या) आणि नलेबिलिटी. रूल जेव्हा नवं रूप पुढे करतो तेव्हा हे ताडून बघितलं जातं आणि जुळलं नाही तर ‘वेगळ्या टाइपची एक्स्प्रेशन गटात टाकता येत नाही’ या अर्थाची एरर येते. तुमची एरर त्याच्याही आधीच्या नाक्यावर पकडली गेली, अ‍ॅग्रिगेट नोड बनतानाच. तुम्ही अ‍ॅग्रिगेट कॉलला जुन्या काउंटचा टाइप हातानं दिला असणार. तिथे टाइप न देता तो अनुमानानं काढू दिला असता तर नोड बनला असता आणि एरर गटात टाकताना आली असती. टाइप नेहमी अनुमानानंच काढू द्या. जुन्या नोडचा टाइप नव्याला चिकटवणं म्हणजे जुनं वचन नव्याच्या तोंडी घालणं.

एरर हातात आली की मी पहिल्यांदा दोन्ही रो टाइप एकाखाली एक मांडतो आणि कॉलमनुसार तुकडे करून बघतो. साठ कॉलमचा रो टाइप एका ओळीत छापलेला असतो आणि डोळा दर वेळी फसतो, तेव्हा त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा. फरक कोणत्या जातीचा आहे हे कळलं की अर्धं काम झालं. फक्त नलेबिलिटी वेगळी असेल तर संशयित थोडेच: ग्रुप नसलेलं अ‍ॅग्रिगेट, आउटर जॉइन (न जुळलेल्या ओळीही नल भरून ठेवणारा), किंवा केसमधला न लिहिलेला एल्स. लांबी किंवा प्रिसिजन वेगळं असेल तर बहुधा लिटरल (क्वेरीत थेट लिहिलेलं मूल्य) किंवा डेसिमलचं गणित. आणि मूळ टाइपच वेगळा असेल, म्हणजे इंटीजरच्या जागी व्हारचार, तर टाइप सिस्टिमकडे बघायचीही गरज नाही. कॉलमचा नंबर चुकलाय.

नंबर चुकणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक, म्हणून ती जवळून दाखवतो. कॅल्साइटच्या आत कॉलमचा उल्लेख नावानं होत नाही, नंबरानं होतो. डाव्या टेबलात चार कॉलम आहेत, उजव्यात तीन. जॉइनच्या निकालात डाव्याचे ० ते ३ आणि उजव्याचे ४ ते ६. क्रमांक ५ म्हणजे उजव्याचा दुसरा कॉलम. आता रूलनं जॉइनच्या बाजू बदलल्या. उजवं टेबल पुढे आलं, त्याचे कॉलम ० ते २ झाले, डाव्याचे ३ ते ६. तोच कॉलम आता क्रमांक १ वर आहे. अट लिहिताना ५ तसाच राहिला तर तो डाव्या टेबलाच्या तिसऱ्या कॉलमकडे बोट दाखवतो. त्या कॉलमचा टाइप वेगळा असेल तर रेफरन्सचा टाइप आणि इनपुटचा टाइप जुळत नाही अशी एरर येते आणि तुम्ही बचावता. टाइप एकच असेल तर काहीही येत नाही. क्वेरी चालते, उत्तर येतं, उत्तर चुकीचं असतं.

हे मी स्वतः भोगलंय. आमच्या टेस्टच्या टेबलांत जवळजवळ सगळे कॉलम इंटीजर होते. बाजू बदलणाऱ्या एका रूलमध्ये नंबर सरकवायचा राहिला होता आणि सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, कारण टेस्ट डेटात त्या दोन कॉलममध्ये मूल्यंही सारखीच भरलेली होती. चूक बाहेर गेल्यावर कळली. तेव्हापासून रूलच्या टेस्टसाठी मी अशी टेबलं वापरतो ज्यात कोणत्याही दोन कॉलमचा टाइप सारखा नाही: एक इंटीजर, एक बिगइंट, एक व्हारचार २०, एक व्हारचार ३०, एक डेट, एक डेसिमल, काही नॉट नल, काही नलेबल. अशा टेबलावर नंबर एकानं जरी सरकला तरी टाइपच ओरडतो. रूल लिहिणाऱ्याला मी एकच सल्ला देऊ शकत असेन तर हाच देईन.

गुन्हेगार रूल शोधताना क्वेरी आधी बारीक करा. कॉलम काढा, अटी काढा, टेबलं काढा, आणि एरर जाईल ती शेवटची गोष्ट परत ठेवा. त्यानंतर प्रत्येक रूलनंतरचा प्लान टाइपसकट छापून घ्या. कॅल्साइट एररच्या संदेशात कोणता रूल लागू होत होता त्याचं नाव देतो. स्पार्क आणि डेटाफ्यूजन या दुसऱ्या क्वेरी इंजिनांतही सोयी आहेत. स्पार्कमध्ये प्लानचेंजलॉग नावाची सेटिंग आहे, ती प्रत्येक रूलच्या आधीचा आणि नंतरचा प्लान शेजारी शेजारी दाखवते, आणि ठरावीक रूल वगळायचीही सोय आहे. डेटाफ्यूजन रूलनंतर स्कीमा (कॉलम आणि त्यांचे टाइप) ताडून बघतो आणि बिघडली तर रूलच्या नावासकट थांबतो. पोस्टग्रेसमध्ये एक्सप्लेन व्हर्बोज केलं की आपोआप घुसलेले कास्ट ‘::’ या चिन्हानं दिसतात. पण एररमध्ये नाव आलेल्या रूलला लगेच दोषी धरू नका. चुकीचा नोड आधीच्या रूलनं बनवलेला असू शकतो आणि हा बिचारा त्याला पहिला हात लावणारा. शंका असेल तर निम्मे रूल बंद करून बघा, मग त्यातले निम्मे. एक गोष्ट मात्र मी दर वेळी तपासतो: नोड आपला रो टाइप एकदा काढून जपून ठेवतो. कुणी त्याचं इनपुट जागच्या जागी बदललं असेल तर जपलेला टाइप शिळा होतो आणि छापलेला प्लान तुमच्याशी खोटं बोलतो.

असर्शन (कोडमध्येच लिहिलेल्या अंतर्गत तपासण्या) चालू आहेत का ते बघा. जावात असर्शन मुळात बंद असतात आणि कॅल्साइटच्या टाइपच्या बऱ्याच तपासण्या असर्टमध्येच आहेत. तुम्हाला एरर दिसली म्हणजे तुमच्याकडे त्या चालू आहेत. प्रॉडक्शनमध्ये त्या बहुधा बंद असतील, आणि तिथे हीच चूक ‘इंटीजरला लाँगमध्ये कास्ट करता येत नाही’ अशा क्लास कास्ट एक्सेप्शनच्या रूपात, कोड जनरेट झाल्यावर, कुठल्यातरी अनोळखी ओळीवर भेटते. अशी तक्रार आली की रनटाइमचा कोड वाचत बसू नका. तीच क्वेरी असर्शन चालू करून पुन्हा प्लान करा.

लिटरलबद्दल थोडक्यात. कॅल्साइटमध्ये तीन अक्षरांचं स्ट्रिंग लिटरल ‘चार ३’, म्हणजे ठरावीक तीन लांबीच्या CHAR टाइपचं, असतं; व्हारचार, म्हणजे कमीजास्त लांबीचं, नसतं. केसच्या एका फांदीत तीन अक्षरं आणि दुसरीत दोन असतील तर निकाल ‘चार ३’ होतो आणि दोन अक्षरांच्या पुढे एक स्पेस येते. व्हारचार १० ची एक्स्प्रेशन कॉन्स्टंट म्हणून आधीच मोजून टाकणारा रूल लिहाल तेव्हा मिळालेलं लिटरल मूळ टाइपला कास्ट करायला विसरू नका. इथला कास्ट योग्य आहे.

डेसिमलमध्ये एक खरी धोक्याची जागा आहे. गुणाकारात स्केल (दशांश स्थळांची संख्या) एकत्र होतात आणि प्रिसिजनही वाढतं, पण कमाल मर्यादा गाठली की स्केल कापावं लागतं. स्पार्कमध्ये डेसिमल २०,४ ला डेसिमल २०,४ नं गुणलं तर हिशेबानं ४१,८ व्हायला हवं. मर्यादा ३८ ची असल्यामुळे निकाल ३८,६ येतो. दोन दशांश स्थळं गेली. यामुळे तीन डेसिमलच्या गुणाकारात कंस हलवणारा रूल, जो गणितात अगदी निर्दोष आहे, इथे टाइपही बदलू शकतो आणि शेवटचे आकडेही. टाइप जुळवायला कास्ट लावलात तर टाइप जुळेल, आकडे जुळतीलच असं नाही. अशा ठिकाणी मी रूलच लागू करत नाही.

मग कास्ट कधी लावायचा? नॉट नलकडून नलेबलकडे जाताना बिनधास्त. लेफ्ट जॉइनवर (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणाऱ्या) उजव्या टेबलाची अट असेल, जी नलला कधीच खरी होत नाही, तर जॉइन इनर, म्हणजे फक्त जुळणाऱ्या ओळींचा, करता येतो. तसं केलं की उजवे कॉलम नॉट नल होतात, पण गटाचा टाइप नलेबल आहे. इथे वर एक प्रोजेक्ट घालून टाइप सैल करायचा. कॅल्साइटचा स्वतःचा फिल्टर खाली ढकलणारा रूलही तेच करतो. हातात असलेली माहिती सोडून द्यायला पुरावा लागत नाही. उलट दिशेला, नलेबलकडून नॉट नलकडे, लांबकडून आखूडकडे, कास्ट हा दावा असतो.

तुमच्या रूलसाठी आता एवढं करा. वरच्या समच्या जागी सम-झीरो, टाइप हातानं देऊ नका. टेस्टमध्ये ऑर्डर्सचं टेबल रिकामं असलेली क्वेरी घाला, दोन्ही टेबलं भरलेली पण जॉइन न जुळणारी क्वेरी घाला, फिल्टर असलेला काउंट घाला, ग्रुप बायसकट आणि शिवाय. प्रत्येक क्वेरी रूल चालू आणि बंद ठेवून चालवा आणि उत्तरं ताडून बघा. आणखी एक गोष्ट बघा. वर तुम्ही ग्राहकांच्या टेबलातल्या कॉलमवरही काही अ‍ॅग्रिगेट करत असाल, तर मूळ जॉइनमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या ओळीची जी पुनरावृत्ती व्हायची ती हिशेबात धरावी लागते, आणि ती चूक कोणताही टाइप तुम्हाला सांगणार नाही.